कानातली मिल

पोळ्याच्या दिवशी घरात तळणाचा वास आणि अंगणात भांडण, हा महागूच्या घरचा जुना रिवाज. यंदा भांडण अंगणापर्यंत गेलंच नाही, चुलीपाशीच बसलं.

कमला करंज्या तळत होती. तिची धाकटी जाऊ गीता पाऱ्या लाटत होती. आणि कमलाची पोरगी खुशी दाराकडे तोंड करून, म्हणजे या दोघींकडे पाठ करून, सारण भरत होती. तामिळनाडूच्या सूतमिलमधून ती दोन वर्षांनी सणाला घरी आली होती आणि उद्या दुपारच्या बसनं गोंदियाला, तिथून रेल्वेनं परत जायची होती.

"खुशी, झारा दे वो तुया आईले," गीता म्हणाली.

खुशीनं करंजीची कड दुमडली.

"खुशी!"

खुशीनं दुसरी पारी उचलली. गीतानं लाटणं खाली ठेवलं.

"पाहा दीदी. दोनदा आवाज दिला. हौ नाई म्हटलं तं नाई, पण मान तरी वळवावी का नाई माणसानं? मी काय वाटेवरची बाई आहो?"

कमला उठली आणि झारा स्वतःच घेऊन आली. तिला काय दिसत नव्हतं? पोरगी आल्यापासून हेच चाललं होतं. काल हातपंपावरून हाक मारली, ढिम्म. परवा देवाला दिवा लावायला सांगितलं, ढिम्म. आणि बोलायला लागली की इतक्या मोठ्यानं, की समोरच्या प्रेमलालच्या घरी कळावं आज भाजी काय केली. गेली तेव्हा या पोरीच्या तोंडातून शब्द निघत नसे. आता दिवसातून दहा वेळा 'हळू बोल वो, हळू बोल' म्हणून कमलाचीच जीभ दुखत होती.

"आपण करत्या-सवरत्या, अन् आपल्यालेच उत्तर नाई," गीता म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड झाला, दीदी. राग नका मानू."

राग मानू नका असं म्हटल्यावर जो राग येतो तो कमलाला आला.

"मंग तुया श्रुतिकेले काहून पाठवून राह्यली तिच्या मांगं? तिचाबी मोती जड होईन."

गीतानं पोळपाटावर पीठ भुरभुरलं. तिचं दुखणं वेगळं होतं. तिची श्रुतिका बारावी होऊन घरी बसली होती आणि खुशीच्या हॉस्टेलचे व्हिडिओ पाहून तिच्या डोक्यात मिलनं घर केलं होतं. एकसारखे एप्रन घातलेल्या पोरी गच्चीवर नाचताहेत, खुशी मधोमध. गीता स्वतः लग्नाआधी कधी वारासिवनीच्या बाजारापलीकडे गेली नव्हती, लग्नानंतरही फारशी नाही. आपली पोरगी एकदा तरी रेल्वेत बसून दूर जावी, एवढंच तिला वाटे. पण तिचा नवरा वीरेंद्र अजून हो म्हणत नव्हता. आज संध्याकाळी सांगतो म्हणाला होता.

"तुमच्या भासऱ्याले पोरीची काळजी वाटते," गीता हळूच म्हणाली आणि लगेच जीभ चावली. चुकून भलतंच नातं लावलं होतं. भासरा म्हणजे थोरला दीर, आणि वीरेंद्र कमलाचा धाकटा दीर. दोघींनाही हसू आलं असतं, पण दोघीही हसल्या नाहीत.

"माया खुशीच्या वेळेस नाई वाटली कोणाले काळजी," कमला कढईत पाहत म्हणाली. "तिचे बाबा गेले, अन् महिन्याभरात एजंट बाई घरात. कोणी आणली होती? भाऊजीनंच ना? तवा कोणी विचार करत नाई बसलं."

हे खरं होतं. कमलाचा नवरा धर्मेंद्र गेल्यावर त्या घरात पुष्कळ गोष्टी विचार न करता झाल्या होत्या. गीतानं पारी लाटायला घेतली, ती इतकी पातळ लाटली की पोळपाटालाच चिकटली. खुशी आपली करंजीमागून करंजी भरत होती. तिच्या करंज्या फार देखण्या होत्या, हे मात्र दोघींनी मनात कबूल केलं.

*

महागू, कमला-गीताचा सासरा, ओट्यावर बसून बैलांची वाट पाहत होता. म्हाताऱ्यानं उकव्याच्या मॅंगनीज खाणीत जन्मभर ड्रिल चालवलं होतं आणि तिथून पेन्शन घेऊन, कान तिथंच ठेवून तो हट्ट्याला, आपल्या गावी परत आला होता. लोक त्याच्याशी ओरडून बोलत. तो त्यांच्या ओठांकडे बघून हवं तेवढं समजून घेई आणि नको ते सोडून देई. घरातल्या भांडणांत सगळ्यांशी सारखाच गोड राहिलेला तो एकटा माणूस होता, त्याचं गुपित हेच.

तोरणाखालून बैल परतायला लागले. खुशी ओवाळणीचं ताट घेऊन गल्लीत उभी राहिली. तिच्या मागून प्रेमलालची जोडी आली. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात ही मोठी घुंगरमाळ. पोरं बाजूला पळाली. प्रेमलालनं काहीतरी ओरडून सांगितलं. खुशी तशीच उभी. शिंग तिच्या खांद्यापासून वीतभर राहिलं तेव्हा महागूनं ओट्यावरून उतरून तिला हाताला धरून ओढली. ताटातला दिवा कलंडला.

महागूला घुंगरं ऐकू आली नव्हती, पण हलताना दिसली होती. खुशीची पाठ होती, तिला तेवढंही नव्हतं.

त्यानं तिला ओट्यावर बसवलं. तिच्या अगदी समोर बसला. मग आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून," खुशीनं उत्तर दिलं. तिनंही आवाज काढला नव्हता. आणि आपण काय केलं हे कळल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

म्हाताऱ्यानं तो हात हळूच खाली घेतला. पोरीचं बोट आणि अंगठा धाग्यांनी कापून कापून खरबरीत झाले होते. त्याला रडू आलं, पण रडल्यानं समोरचं धूसर दिसतं आणि मग बोलणं समजत नाही, म्हणून त्यानं ते आवरलं.

"डाव्यानं काईच नाई, आबा. उजव्यानं थोडं. कोणीतरी बोललं एवढं समजते, काय बोललं ते नाई. अन् आत मिल चालूच राह्यते. झोपली तरी चालू, इथं आली तरी चालू."

"आईले सांगितलं?"

"नाई. तुम्ही पण नका सांगू. तुमाले माई शपथ."

महागूनं तिचा हात हातातच ठेवला. मग म्हणाला, "माये कान गेले तवा तुया आजीले वाटे मी रुसलो. खाणीतून आलो की ते बोले, मी गप. मंग ते मले मनवासाठी भजे करे. लय दिवस भजे खाल्ले म्या. चांगले करे, म्हणून सांगतलंच नाई."

खुशी हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसता बोलायला लागली आणि थांबेना. शेकडो चात्या एकदम फिरतात, आबा. धागा तुटला की धावत जायचं, जोडायचं, पुन्हा धावायचं. कापूस इतका उडतो की भुवया पांढऱ्या होतात. कानात घालायला बोळे मागितले तर सुपरवायझर म्हणते, मग आमचं काय ऐकशील? पाळीत पोट दुखलं तर एक गोळी देतात, कशाची ते विचारायचं नाही. गेट बंद. फोन रविवारी, तोही वॉर्डन शेजारी उभी असताना. "मंग मी सांगणार काय? इतकंच म्हणाचं, चांगलं आहे आई. नाचाचा व्हिडिओ पाठवला पाहा."

"अन् श्रुतिका?"

खुशीनं मान खाली घातली. महागूनं तिची हनुवटी वर केली, नाहीतर त्याला काय समजणार?

"मी तिले चल नाई म्हटलं," ती म्हणाली. "पण येऊ नको असंबी नाई म्हटलं. तिथं ओडिशाच्या पोरी, झारखंडच्या पोरी, तमिळ पोरी. आम्ही हातानंच बोलतो. वॉर्डन मांगून हाजरी घेते, मले ऐकू येत नाई, गैरहजर लागते. श्रुतिका राह्यली तं मले हात लावून सांगीन. माया कानाचं काम करीन. एकटीनं नाई होत आता, आबा." तिनं डोळे पुसले. "मले समजते, हे बरोबर नाई. पण नाई होत."

महागूनं तिला रागावलं नाही. ज्याला ठेच लागली आहे त्याला दगड दाखवून काय उपयोग, असं त्याचं मत होतं.

"उद्या नारबोद आहे," तो म्हणाला. "तवर विचार कर."

*

श्रुतिकाला आपल्या बापाचं एक समजायचं नाही. हो म्हणायच्या आधी तो इतका वेळ घ्यायचा, की हो म्हटल्यावर आनंद करायला ताकद उरत नसे. जेवणं झाली. आजोबा भिंतीला टेकून बसले, त्यांच्याजवळ खुशीताई, ताईला खेटून ती. आई आणि मोठी आई दुपारपासून एकमेकींशी फक्त ताटांमधून बोलत होत्या; म्हणजे एक ताट आपटायची, दुसरी वाटी.

आणि लाइट गेली.

हट्ट्याला लाइट जाणं काही नवीन नाही. पण खुशीताईचा हात श्रुतिकाच्या हातात होता आणि तो एकदम गार पडला.

"आपण बोलूनच घेऊ," अंधारात वीरेंद्रचा आवाज आला. "खुशी बेटा, मले तुयाकडून ऐकायचं आहे. एजंट बाई तं गोडच बोलीन. तू सांग. तिथं पोरीले काई त्रास आहे का? श्रुतिकेची जबाबदारी तू घेतं का? तू हौ म्हटलं तं पाठवतो."

बाहेर प्रेमलालच्या गोठ्यात एक घंटा वाजली.

"खुशी?"

काही नाही. ताई हो का म्हणत नाहीये? तिनं तिच्या हाताला हिसका दिला.

"लाइट केव्हा येईन?" खुशी एकदम मोठ्यानं म्हणाली.

"घ्या!" गीता म्हणाली. "सख्खा काका विचारून राह्यला, अन् हिले लाइट पायजे."

"खुशे!" कमलाचा आवाज चिरला. "अशी काहून करतं वो तू? कायचा एवढा गर्व? तुया बाबानं असंच शिकवलं का तुले?"

बाबांचं नाव निघाल्यावर खोली आणखीच अंधारी वाटली. आजोबा तर दगडासारखे बसले होते. श्रुतिकाला त्यांचा राग आला. घरातला मोठा माणूस, एक शब्द बोलेल तर शपथ. अंधारात त्यांनाही काही कळत नसतं, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, पण अठराव्या वर्षी कोणाच्या लक्षात येतं?

लाइट आली. सगळे खुशीकडे बघत होते. कमलाचे डोळे लाल, गीताचे ओठ आवळलेले, वीरेंद्र पुढे वाकलेला. खुशीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांत शेवटी श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिकानं दोन्ही हात जोडून डोळ्यांनी विनवलं.

"हौ," खुशी म्हणाली.

मग काय! गीतानं उठून कमलाच्या पाठीवर हात ठेवला, "दीदी, माया बोलण्याचं मनात नका ठेवू," आणि कमलानं डोळे पुसत करंज्यांचा डबा उघडला. वीरेंद्रनं सुस्कारा टाकून श्रुतिकाच्या डोक्यावर टपली मारली. श्रुतिकानं बॅग भरायला घेतली. आपली ताई चमत्कारिक आहे, पण सोन्यासारखी आहे, असं तिला वाटलं. आजोबा मात्र खुशीकडे बघत राहिले होते.

*

खुशीला सकाळी डोळे उघडताच उशाशी दोन बॅगा दिसल्या. एक तिची, एक नवी.

श्रुतिका समोर वाकून बोलत होती, त्यामुळे सगळं समजलं. "ताई, उठ ना! नारबोद निघून राह्यली. मंग आंघोळ, मंग जेवण, मंग बस! काल तू हौ म्हटलं ना, तवाच बाबा राजी झाले."

"मी काय म्हटलं?"

"हेच का. तिथं काई त्रास नाई, अन् माई जबाबदारी तू घेतं." आणि तिनं व्हिडिओ पाहून शिकलेली मिलची खूण केली. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं. धागा जोडला.

खुशी उठून बसली. मिलमध्ये तिनं एक सवय लावून घेतली होती. समोरचे चेहरे वाट बघत असले की हो म्हणायचं. बहुतेक वेळा चालून जाई. हो म्हणून तिनं जास्तीची पाळी घेतली होती, न केलेली चूक कबूल केली होती, एकदा तर सुट्टी सोडली होती. पण ते सगळे हो तिचे स्वतःचे होते. कालचा हो दुसऱ्याचा होता.

आणि खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला. हे तिला स्वतःलाच आवडलं नाही, तरी झाला.

बाहेर अख्खं गाव जमलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोदीचा पुतळा ओढत शिवेबाहेर नेतात आणि वर्षभराचा रोग, पीडा, दुखणं तिच्याबरोबर धाडून देतात. लोक झिजलेले खराटे, फुटकी सुपं तिच्या अंगावर टाकत चालले होते. दरसाल हेच ओरडायचे, ते खुशीला पाठ होतं. खासी-खोकला घेऊन जाय री नारबोद! ताप-हिवताप घेऊन जाय री नारबोद! प्रेमलालनं काहीतरी जास्तीचं घातलं असावं, कारण त्याची बायको त्याला सुपानं मारत होती आणि सगळे हसत होते.

खुशीला फक्त मिल ऐकू येत होती. तोंडं उघडत होती, मिटत होती. तिथं असंच असतं. हजार तोंडं, आणि आवाज फक्त मशीनचा.

बावलीची, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीची वाट मागे पडली, शीव आली. गवत पेटवायची तयारी झाली. महागू खुशीच्या समोर येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. शपथ घातली होती ना. फक्त उभा राहिला, तिला आपलं तोंड दिसेल असा.

तेवढ्यात शेजारी श्रुतिकानं मान वळवली. मागून तिला कोणीतरी हाक मारली होती. गीतानं असेल, नाहीतर एखाद्या मैत्रिणीनं. हाक आली आणि ती वळली, इतकंच. किती सहज वळली. केस हलले, 'आली वो' म्हणाली, पुन्हा पुढे बघायला लागली. त्यात काही विशेष आहे हे तिला माहीतही नव्हतं.

खुशीच्या छातीत काहीतरी तुटलं. ते जोडायचं नाही, असं तिनं ठरवलं.

"माया कानातली मिल घेऊन जाय री नारबोद!"

आपला आवाज किती मोठा निघाला हे तिला कळलं नाही. सगळी तोंडं मिटली तेव्हा अंदाज आला. तिनं पुन्हा ओरडून सांगितलं, "मले ऐकू नाई येत! कोणाचंच नाई येत! काल काकानं काय विचारलं तेबी नाई ऐकलं. मी श्रुतिकेले नाई नेत. तिचे कान जातीन!"

पहिली पुढे आली ती गीता. जिनं काल मोती जड झाला म्हटलं होतं ती. तिनं येऊन खुशीला पोटाशी धरली आणि काहीतरी बोलत राहिली, खुशीच्या खांद्यात तोंड खुपसून. त्यामुळे ती काय म्हणाली ते खुशीला कधीच कळलं नाही, आणि गीतानंही नंतर सांगितलं नाही. वीरेंद्र जागीच खाली बसला. घरी एजंट बाई त्यानंच आणली होती. श्रुतिका मात्र संतापली. "आधी काहून नाई सांगितलं? मी नवी बॅग भरली!" असं म्हणून ती रडत घराकडे पळाली. बॅगेसाठी कोणी इतकं रडत नाही, हे गावाला समजलं आणि कोणी हसलं नाही.

कमला हलली नव्हती. हातातलं फुटकं सूप टाकायचंही तिला सुचलं नव्हतं. हातपंपावरची हाक, देवापाशीची हाक, काल अंधारात काढलेलं नवऱ्याचं नाव, सगळं तिला एकेक करून आठवत होतं. पोरगी मान वळवत नव्हती म्हणून ती रागावली होती. मान वळवत का नाही, हे बघायला आपण एकदाही पुढे गेलो नाही. मग तिनं सूप नारबोदीवर असं भिरकावलं की पुतळ्याचं डोकंच उडालं.

*

दुपारी गोंदियाची बस आली. वळणावर तिनं लांबलचक हॉर्न दिला. श्रुतिकानं खिडकीतून एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग रागानंच आपली बॅग उलटी करून कपडे काढायला लागली. दोन दिवस ती खुशीशी बोलणार नव्हती. पण कपड्यांच्या घड्या घालताना खुशीचा दुपट्टाही तिनं घालून ठेवला. वीरेंद्र फोनवर एजंट बाईशी बोलत होता, त्याचा आवाज चढत होता. बालाघाटला कानाच्या डॉक्टरला उद्याच दाखवू, असं तो मध्येच गीताला खुणेनं सांगत होता. पुढं काय, मिलची नोकरी गेली तर काय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

खुशी ओट्यावर बसली होती, रस्त्याकडे पाठ करून. बस गेली हे तिला कळलं नाही. महागू शेजारी बसून करंजी खात होता. त्यालाही कळलं नाही.

कमलानं चहा ठेवला. चुलीपासूनच हाक मारायला तोंड उघडलं, सवयीनं. मग मिटलं. पदराला हात पुसत ती उठली, घरातून बाहेर आली, अंगण ओलांडलं, ओट्याला वळसा घातला आणि पोरीच्या समोर जाऊन तिच्या गुडघ्यांपाशी बसली. खुशीनं तिच्या ओठांकडे पाहिलं.

"चहा पेतं का, बाई?"

"हौ!" खुशी म्हणाली. इतक्या मोठ्यानं म्हणाली की गल्लीपलीकडून प्रेमलाल ओरडला, "मायाबी टाका वो वयनी!"

हळू बोल, असं कमला या वेळी म्हणाली नाही.